फिनस्विमिंगसाठी दम: ट्रॅकवर, सलग पोहून की इंटर्व्हलने?

फिनस्विमिंग म्हणजे पायांत फिन, म्हणजे पातं, लावून पोहण्याच्या शर्यती. स्पर्धेला तीन महिने उरले असतील तर आधी शर्यत ठरवा, मग दमाचं बघू. ५० मीटर ॲप्निया (श्वास रोखून पोहायची शर्यत) एका श्वासावर पाण्याखालून संपते. तिथे निकाल स्टार्ट आणि किकच्या जोरावर लागतो. जिवाच्या आकांताने केलेल्या श्रमात ऑक्सिजनवर चालणारा आणि त्याविना चालणारा वाटा साधारण ७५ सेकंदांपाशी बरोबरीला येतो. त्यामुळे त्याहून बराच जास्त वेळ चालणाऱ्या ४०० मीटर सरफेस (पाण्याच्या पृष्ठभागावरची शर्यत) आणि त्यापुढच्या शर्यती दमाच्याच.

नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर धावणं सर्वांत सोपं. हिवाळ्यात इथलं पाणी बोचतं तेव्हा तर मोहच होतो. हृदयाला त्याचा फायदा होतोच, पण मोनोफिनची (दोन्ही पायांना मिळून एकच मोठं पातं) लाट पोट, कंबर, मांड्यांतून जाते आणि हे स्नायू धावताना तसे राबत नाहीत. म्हणून ट्रॅकवर न धापणारा खेळाडू तलावात ३०० मीटरलाच मांड्या भरून थांबतो. शिवाय धावून घोटे आखडले की पातं नीट वळत नाही. धावा, पण आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, नंतर घोट्यांचं स्ट्रेचिंग करून. ट्रॅकवरचे नाडीचे आकडे पाण्यात वापरू नका. तिथे ठोके दहाएक कमीच पडतात.

सलग पोहणं, म्हणजे बायफिन (प्रत्येक पायाला वेगळं पातं) आणि स्नॉर्कल (श्वासाची नळी) लावून ३ × ८०० मीटर, मुख्यतः श्वास शिकवतं. २० मिलिमीटर व्यासाच्या, ४५ सेंटिमीटर लांब नळीत सुमारे १४० मिलिलिटर वापरलेली हवा अडकते. उथळ, भरभर श्वास घेतला तर तीच पुन्हा आत जाते आणि दम नसल्यासारखं वाटतं. उच्छ्वास पूर्ण सोडायची सवय इथेच लागते. तोटा असा की थकल्यावर गुडघे वाकून सायकल मारल्यासारखी किक सुरू होते आणि तीच अंगवळणी पडते. महापालिकेच्या तलावावर गर्दीच्या बॅचमध्ये सलग ८०० मीटर मिळणंही कठीण.

आमचं मत इंटर्व्हलच्या, म्हणजे मध्ये थोडी विश्रांती घेत ठरावीक वेगाने तुकड्यांत पोहण्याच्या, बाजूने आहे. वेग मात्र अंदाजाने नको. ज्या फिनवर उतरणार त्यावरच, भरपूर विश्रांती ठेवून, २०० आणि ४०० मीटर पूर्ण जोराने पोहा. समजा २:०० आणि ४:२० मिनिटं आली. फरक १४० सेकंदांचा, म्हणजे १०० मीटरला ७० सेकंद. सेट असा: ६०० वॉर्म-अप, मग १० × १०० प्रत्येकी ७० सेकंदांत, मध्ये २० सेकंद विश्रांती, शेवटी २०० सावकाश. चुकतं ते पहिल्या दोन फेऱ्यांत: ६५ सेकंद मारून खूश होतात, आठव्या फेरीला ७६. शेवटच्या तीन फेऱ्या ३ सेकंदांहून जास्त घसरल्या तर पुढच्या वेळी आठच फेऱ्या घ्या. आणि फुप्फुसांआधी पोटऱ्या पेटत असतील तर पातं फार कडक आहे, मऊ घ्या.

४०० ते १५०० मीटरवाल्यांनी आठवड्यात तीन इंटर्व्हल आणि एक सलग सत्र धरावं. १०० मीटरवाल्यांना एक इंटर्व्हल पुरे. बाकी दिवस ६ × ५० शर्यतीच्या वेगाने, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. ॲप्नियावाल्यांनाही तेवढंच. श्वास रोखायचा सराव मात्र एकट्याने कधीच करू नका. काठावर लक्ष ठेवणारा माणूस हवाच. आधी भराभर श्वास घेऊन ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड तेवढा घटतो. मग श्वासाची ओढ लागायच्या आतच शुद्ध हरपते.