जबड्यातली गाठ: खरवडायची की हाडासकट काढायची?

इंदूरमध्ये जबडा सुजला की घरचे आधी विचारतात, ‘गुटखा खातोस का?’ पण अमेलोब्लास्टोमा तंबाखूला हातही न लावणाऱ्याला होतो. दात घडवणाऱ्या पेशींतून उठणारी ही गाठ बहुधा खालच्या जबड्यात, अक्कलदाढेकडे, न दुखता वाढते. कॅन्सर नव्हे, पण हाड पोखरते. ओपीजीत, म्हणजे अख्ख्या जबड्याच्या एक्स-रेत, साबणाच्या फेसासारखी दिसते; तरी नुसत्या ओपीजीवर ऑपरेशन ठरवू नये. आधी बायोप्सी. तुकडा काढला की गाठ भडकते, ही भीती डोक्यातून काढा.

खरवडण्याच्या बाजूने बरंच आहे: छोटं ऑपरेशन, कमी खर्च, चेहरा जागच्या जागी. ‘अजून लग्न व्हायचंय’ म्हटलं की घरच्यांचा कल तिकडेच जातो. पण बायोप्सीच्या रिपोर्टात ‘कन्व्हेन्शनल’ (नेहमीचा प्रकार) लिहिलं असेल तर मी हाड काढण्याच्याच बाजूचा. या प्रकारात पेशी आजूबाजूच्या हाडात शिरलेल्या असतात. खरवडल्यावर गाठ परतण्याचं प्रमाण कित्येक पटींनी जास्त, आणि परतलेली गाठ अधिक हाड मागते. म्हणून भोवतालचं 1 ते 2 सेंटिमीटर निरोगी हाडही काढतात. मोठ्या गाठीत जबड्याचा अख्खा तुकडा जातो. तिथे पायातलं फिब्युला नावाचं हाड रक्तवाहिन्यांसकट बसवतात. ऑपरेशन तासन्‌तास चालतं, खालचा ओठ बहुधा बधिर राहतो, दात नंतर बसवावे लागतात. हे सगळं आधीच स्पष्ट विचारून घ्या.

‘युनिसिस्टिक’, म्हणजे एकाच पिशवीची गाठ, असेल तर गणित बदलतं. पेशी पिशवीच्या आतल्या अस्तरापुरत्याच असतील तर पिशवी काढून पोकळीला कार्नॉय द्रावण (उरलेल्या पेशी मारणारं रसायन) लावणं पुरतं. मात्र पेशी भिंतीत शिरल्यात का, हे पूर्ण पिशवी तपासल्यावरच कळतं. पहिल्या छोट्या तुकड्यावर निश्चिंत होऊ नका. वयस्कर, हृदयरोगी माणसाला मोठं ऑपरेशन झेपणार नसेल, तर कन्व्हेन्शनल गाठही खरवडून नजरेखाली ठेवणं मला पटतं.

इथे की मुंबईला? तपासण्यांसाठी इंदूर पुरेसं आहे, शासकीय दंत महाविद्यालयही आहे. हाड बसवायचं असेल तर सर्जनना एकच विचारा: रक्तवाहिन्या जोडणारी टीम इथलीच आहे का, आणि असे जबडे नेहमी करते का? उत्तर गुळमुळीत आलं तर बायोप्सीच्या स्लाइड आणि तुकडा जपलेले मेणाचे ब्लॉक मागून घ्या आणि मुंबईची अवंतिका एक्सप्रेस पकडा. नुसता कागदी रिपोर्ट नेलात तर तिथे बायोप्सी पुन्हा करायची वेळ येऊ शकते.

कोणताही मार्ग निवडा, ओपीजी वर्षानुवर्षं काढत राहावा लागतो. दहा वर्षांनंतरही ही गाठ परतल्याची उदाहरणं आहेत.