कोर्सचे तास, की मागच्या बाकावर बसलेल्या बाई?

शाळा उघडल्या आणि यंदा आम्हा शिक्षकांनी स्वतःच्या शिकण्यासाठी काय धरायचं हा विषय परत निघाला. आमच्याकडं नवीन लागलेल्या दोघांनी विचारलं, सर ऑनलाइन कोर्स करू की तुम्ही आणि शेजारच्या वर्गाच्या बाई एकमेकांचे तास बघता तसं काहीतरी करू, तेव्हा घाईत काहीतरी बोलून गेलो, म्हणून आता नीट लिहितोय. मी दोन्ही केलंय. तिसरीचा वर्ग, सोलापूरचा पूर्व भाग, निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलगू, कुणाच्या घरी यंत्रमाग तर कुणाची आई विड्या वळणारी. तुमचा वर्ग वेगळा असेल तर तुमचा अनुभवही वेगळा असू शकतो.

मुक्त विद्यापीठाची डीएसएम (शालेय व्यवस्थापन पदविका) किंवा एमए याबद्दल फार लिहीत नाही, पुढं मुख्याध्यापक व्हायचंय त्यांनी जरूर करावं. केंद्राची (आसपासच्या शाळांच्या गटाची) शिक्षण परिषद तर सगळ्यांनाच असते, तिथं एखादा चांगला नमुना पाठ बघायला मिळाला तर दिवस सार्थकी लागतो.

खरी निवड ऑनलाइन कोर्स आणि एकमेकांचे तास बघणं या दोघांतच आहे. नवीन शैक्षणिक धोरणात (२०२० चं) शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय, आणि तास म्हटलं की पहिल्यांदा कोर्सच आठवतो. कोर्स वाईट आहेत असं मी अजिबात म्हणणार नाही. निष्ठाचे (शिक्षकांसाठीच्या सरकारी ऑनलाइन प्रशिक्षणाचे) पायाभूत साक्षरतेचे १२ मॉड्यूल मी मन लावून केले, वाचन म्हणजे नुसतं अक्षर ओळखणं नाही हे मला तिथंच पहिल्यांदा नीट कळलं. रात्री जेवणं झाल्यावर, पोरं झोपल्यावर आपल्या सोयीनं करता येतं, वेळापूरला डाएटला (जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेत) किंवा कुठं प्रशिक्षणाला जायचं तर पंढरपूरच्या पुढं गाडी काढावी लागते ते वाचतं, आणि शेवटी प्रमाणपत्र हातात पडतं. ही सोय मोठी आहे.

पण मला जे खटकलं ते सांगतो. घरच्या भाषेवरच्या एका कोर्समधे वाक्य आलं, मुलाच्या घरच्या भाषेला वर्गात स्थान द्या. मी व्हिडिओ थांबवला. पटलं होतं, शंभर टक्के पटलं होतं, पण मला तेलगू येतच नाही, रा, पो, कूर्चो एवढ्यावर माझं भांडार संपतं, मग मी स्थान देऊ कसं? हे विचारायचं कुणाला? पुन्हा प्ले केलं तर पुढचा मुद्दा सुरू. नंतर चाचणीत त्यावरच प्रश्न आला, मी बरोबर पर्याय निवडला, मार्क मिळाले. प्रमाणपत्र डाउनलोड केलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो तर माझी तीच मुलं तेच बोलत होती, 'सर, आई आलं', 'ताई गेलं', आणि मी नेहमीसारखं 'आलं नाही रे, आली म्हण' करत बसलो. चाचणीपुरतं उत्तर मला येत होतं, वर्गापुरतं येत नव्हतं. ही गोष्ट मनातून काही जाईना, आणि त्यानंतरच्या प्रत्येक कोर्सला हेच व्हायला लागलं की माझा प्रश्न जिथं सुरू होतो तिथंच नेमका व्हिडिओ संपतो.

म्हणून शेजारच्या वर्गाच्या बाईंना म्हटलं, माझ्या तासाला मागं येऊन बसा. त्यांच्या घरी तेलगूच. मला वाटलं होतं त्या फळ्याबद्दल, आवाजाबद्दल काहीतरी सांगतील. त्या दोन तास वहीत नुसती मुलांची वाक्यं लिहीत होत्या, आणि मधल्या सुट्टीत वही पुढं करून म्हणाल्या, सर, ही चूक नाही हो, यांच्या घरी क्रियापद असंच चालतं. 'अन्ना वच्चाडु' म्हणजे दादा आला, पण 'अम्मा वच्चिंदी' आई आली, 'कुक्का वच्चिंदी' कुत्रं आलं, 'बस वच्चिंदी' बस आली. एकवचनात बाई, प्राणी, वस्तू सगळ्यांना एकच रूप. आपल्याकडं तो-ती-ते तीन खाने, त्यांच्याकडं दोन, मग पोरगं आईला आलं म्हणणारच की!

इतकी वर्षं मी ज्याला मुलांचं दुर्लक्ष समजत होतो ते असं होतं. पुढच्या आठवड्यापासून फळ्यावर दोन रकाने केले, एकीकडं मुलांनी सांगितलेलं तेलगू वाक्य मीच देवनागरीत लिहायचो, दुसरीकडं मराठी, आणि मुलांनीच शोधायचं की तिकडचा एक शब्द इकडं कुठं फुटतो. जी मुलगी जूनपासून तोंड उघडत नव्हती ती माझे तेलगू उच्चार सुधारायला उभी राहिली. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेहून आल्यावर सगळ्यांना बोलायला लावलं तेव्हा 'पाळणा वर गेला, ताई घाबरली, पिल्लू रडलं' अशी तिन्ही रूपं बऱ्याच जणांच्या तोंडी आपोआप आली. मोजमाप म्हणाल तर माझ्याकडं एवढंच आहे, सगळ्यांचं जमलं असंही नाही.

तास बघण्याची अडचणही सांगायला पाहिजे. बाई माझ्याकडं बसल्या तर त्यांचा वर्ग कोण बघणार? आम्ही आठवड्यातून एकदा दोन्ही वर्ग एकत्र बसवतो, दाटीवाटी होते, मुख्याध्यापकांची तयारी लागते. आणि माणूस नीट निवडावा लागतो, नुसतं छान छान म्हणणारा उपयोगाचा नाही आणि स्टाफरूममधे जाऊन सांगणारा तर मुळीच नाही. कागदावर दाखवायला मात्र एक वही सोडून हाती काही राहत नाही.

त्यामुळं ज्यांची १२ किंवा २४ वर्षं भरत आलीत, वरिष्ठ किंवा निवड वेतनश्रेणीचं (वरच्या पगारश्रेणीसाठी लागणारं) प्रशिक्षण समोर आहे, त्यांनी आधी ते पूर्ण करावं, त्यात दुमत नाही. एकशिक्षकी शाळा असेल तर मागं बसणारं कोण आणायचं, तिथंही कोर्सच बरा. पण बाकीच्यांना, आणि नव्यांना तर नक्की, मी म्हणेन की आधी वर्गातला अडलेला एक प्रश्न धरा, कुणाला तरी मागं बसवा, आणि मग त्या प्रश्नासाठी लागेल तो कोर्स शोधा. उलट क्रमानं मी केलं आणि माझी दोन वर्षं त्यात गेली. २०२० मधे पुस्तकांना क्यूआर कोड जोडणाऱ्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज हा जागतिक पुरस्कार मिळाला तेव्हा आपल्या जिल्ह्यात जो तो क्यूआर कोड बनवायला शिकत होता, पण माढ्याच्या परितेवाडीत ती गोष्ट त्यांच्या स्वतःच्या वर्गासाठी सुरू झालेली होती, हे तेव्हा आमच्यापैकी कितीजणांनी लक्षात घेतलं?

स्वतःच्या शिकण्याचं वर्षाचं उद्दिष्ट वहीत लिहिताना पण हा फरक पडतो. आधी मी 'अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर वाढवणे' असं लिहायचो आणि मार्चमधे त्यावर बोलायला काही नसायचं. यंदा लिहिलंय, दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गातल्या आठ मुलांना स्वतःच्या घराबद्दल मराठीत पाच वाक्यं न अडखळता सांगता यावीत. बाईंनी त्यांच्या पानावर हातच्याची वजाबाकी घेतलीय, दुसरीची मुलं शून्यातून उसनं घेताना का अडतात ते त्यांना बघायचंय. या शनिवारी सकाळी वही घेऊन मी त्यांच्या वर्गात मागं बसणार आहे.