क्रमशः कादंबरी: मासिकात की मोबाइलवर?

कादंबरी लिहून तयार आहे, पण ती मासिकाला क्रमशः द्यावी की ‘प्रतिलिपी’सारख्या मोबाइलवरच्या वाचन-ॲपवर भागाभागाने प्रसिद्ध करावी, हे ज्यांचे ठरत नाही त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मी दोन्ही करून पाहिले आहे.

मासिकाची मोठी जमेची बाजू म्हणजे संपादक. माझ्या पहिल्या कादंबरीतले वाड्याचे दोन पानी वर्णन संपादकांनी पेन्सिलीने पाऊण पानावर आणले आणि ते प्रकरण त्यामुळेच उभे राहिले. मोबाइलवर अभिप्राय भरपूर येतात, पण बहुतेकांत ‘पुढचा भाग लवकर टाका’ एवढेच असते.

तरीही माझे मन फिरले ते पाचव्या हप्त्याने. त्याच्या शेवटी आजी कपाटाची किल्ली सुनेच्या हातात ठेवते. ऐनवेळी जाहिरात आली, मजकूर पानात बसेना, म्हणून शेवटच्या नऊ ओळी मला न विचारता काढल्या गेल्या आणि हप्ता ‘आजी कपाटाकडे वळल्या’ येथेच संपला. पुढचा अंक दिवाळीचा असल्याने त्यात कादंबरी नव्हती. दोन महिन्यांनी सदाशिव पेठेतल्या वाचनालयात एका काकूंनी विचारले, “अहो, किल्ली सुनेकडे आली कधी?” एखाद्या लेखातल्या नऊ ओळी गेल्या तर कदाचित निभावून जाते, क्रमशः लेखनात मात्र हप्त्याचा शेवट हाच पुढच्या हप्त्याचा सांधा असतो. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून त्यांच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली, तेव्हा हप्ता कुठे तोडायचा हे लेखकच ठरवत होता. मोबाइलवर ते आज मला ठरवता येते.

माझा अनुभव एकाच मासिकाचा आहे आणि सगळीकडे असेच घडते असे मी म्हणणार नाही. मासिकाकडे जायचे असल्यास शेवटचा परिच्छेद विचारल्याशिवाय काढू नये, हे आधीच पत्रात लिहून घ्यावे. हक्कांची मुदतही दोन्हीकडे तपासावी, कारण लेखी हस्तांतरणात ती नमूद नसेल तर १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार पाच वर्षे धरली जाते. माझी दुसरी कादंबरी मी दर शुक्रवारी मोबाइलवर देतो. त्याआधी प्रत्येक भाग एका जुन्या मित्राच्या पेन्सिलीखालून जातो.