पीओसीक्यूआय प्रशिक्षण: प्रसूतिकक्षातील वापरानंतरचा अनुभव

जागतिक आरोग्य संघटनेचे दक्षिण-पूर्व आशिया कार्यालय आणि नवी दिल्लीची एम्स यांनी तयार केलेले ‘पॉइंट ऑफ केअर क्वालिटी इम्प्रूव्हमेंट’ म्हणजेच पीओसीक्यूआय हे प्रशिक्षण मी परिसेविकेचा (कक्षाच्या प्रमुख परिचारिकेचा) पदभार घेतल्यानंतर घेतले आणि गेल्या पावसाळ्यापासून आमच्या प्रसूतिकक्षात ते सातत्याने वापरत आहे. हे प्रशिक्षण गुणवत्ता सुधारणेसाठी असले तरी माझ्या मते त्याचे खरे मोल नेतृत्व शिकवण्यात आहे. आपल्याकडे पदोन्नती सेवाज्येष्ठतेने मिळते, मात्र हाताखालच्या माणसांना सोबत घेऊन काम कसे करावे, हे शिकण्याची सोय क्वचितच असते.

समस्या निवडून गट बांधणे व उद्दिष्ट लिहिणे, कारणे शोधून मोजमाप करणे, बदलांची चाचणी घेणे आणि सुधारणा टिकवणे असे याचे चार टप्पे आहेत. आम्ही निवडलेली समस्या साधी होती. नवजात बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे लागते. आमच्याकडून एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात, जाणारी बरीच बाळे मात्र तिथे पोहोचेपर्यंत गार पडलेली असत. अशा वेळी त्या पाळीला ड्युटीवर कोण होते, हाच प्रश्न आधी विचारला जाई. पुस्तिकेतील माशाच्या काट्याची आकृती फळ्यावर काढून कारणे लिहू लागलो, तेव्हा पहिल्यांदाच चर्चेला बसवलेल्या मावशींनी सांगितले की पावसाळ्यात धुलाईहून येणारे टॉवेल दमट असतात आणि बाळ त्याच टॉवेलांनी पुसले जाते. ही गोष्ट त्यांना कित्येक वर्षांपासून ठाऊक होती. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. माणसावरचा रोख कामाच्या पद्धतीकडे वळला की सर्वांत कनिष्ठ कर्मचारीही मोकळेपणाने बोलतो, हा या प्रशिक्षणाचा मला झालेला सर्वांत मोठा लाभ आहे.

बदलाची चाचणी एका पाळीत, एकाच मातेपासून सुरू करावी, हा आग्रहही मला फार मोलाचा वाटतो. टॉवेल रेडिएंट वॉर्मरखाली (बाळाला वरून ऊब देणाऱ्या उपकरणाखाली) आधीच ठेवण्याची पद्धत दिवसपाळीत सुरळीत चालली, परंतु रात्री एकटी सिस्टर प्रसूती सांभाळत असताना ते राहून जाऊ लागले. म्हणून बाळाचे डोके दिसू लागताच पंखा बंद करणे आणि टॉवेल ठेवणे ही कामे मावशींकडे सोपवली. थेट लेखी आदेश काढला असता, तर ही अडचण आमच्यापर्यंत पोहोचलीच नसती. दर आठवड्याच्या मोजमापाचा बिंदू आलेखावर मांडताना मध्यरेषेच्या (मध्यक दाखवणाऱ्या रेषेच्या) एकाच बाजूला सलग सहा बिंदू येईपर्यंत सुधारणा झाली असे म्हणायचे नाही, हा नियम आम्ही कसोशीने पाळतो.

उणिवाही आहेत. मी वापरलेली पुस्तिका इंग्रजीत असल्याने मावशींसाठी सर्व काही मराठीत समजावून सांगावे लागले. आपल्या अधिकारात नसलेल्या निवासी डॉक्टरांना, बाळाचे वजन आईजवळच्या त्वचास्पर्शानंतर करू या, असे कसे पटवावे याविषयी त्यात पुरेसे मार्गदर्शन नाही. चौथा टप्पा तर मला अपुराच वाटतो, कारण दर बदलीनंतर गट नव्याने घडवावा लागतो. त्यावर आम्ही नव्या सिस्टरच्या रुजू होण्याच्या दिवशीच तो आलेख समजावून सांगण्याची प्रथा पाडली आहे.

हे प्रशिक्षण घेणाऱ्या परिसेविकांनी पहिली समस्या अशी निवडावी की जिच्यासाठी ना खरेदी करावी लागेल, ना वरिष्ठांची मंजुरी घ्यावी लागेल.