वॉरिकचे बीचम चॅपल: पितळेत ओतलेला गोतावळा

इंग्लंडमधल्या वॉरिकला जाणारे बहुतेक प्रवासी किल्ला पाहतात आणि परततात. आमचीही पहिली खेप जवळजवळ तशीच गेली, कारण ज्या सहल-कंपनीच्या बसने आम्ही गेलो होतो (तिचे नाव येथे देत नाही) तिने गावातल्या सेंट मेरी चर्चसाठी जेमतेम वीस मिनिटे राखून ठेवली होती आणि त्यांतली पाच माणसे मोजण्यात गेली. उरलेल्या वेळात जे ओझरते दिसले त्याने मला स्वस्थ बसू दिले नाही. चार दिवसांनी बर्मिंगहॅमहून रेल्वेने मी एकटाच पुन्हा गेलो आणि या चर्चच्या दक्षिण अंगाला असलेल्या बीचम चॅपलमध्ये, म्हणजे चर्चला जोडलेल्या छोट्या प्रार्थनागृहात, अडीच तास काढले. हे परीक्षण त्या दुसऱ्या भेटीचे आहे.

हे चॅपल वॉरिकचा अर्ल (ही इंग्रज सरदारांची एक पदवी) रिचर्ड बीचम (1382–1439) याच्या थडग्यासाठी बांधलेले आहे. या आडनावाची अक्षरे फ्रेंच वळणाची आहेत, पण इंग्रज त्याचा उच्चार ‘बीचम’ असाच करतात. रिचर्ड लहान असताना राजाची मर्जी खप्पा होऊन त्याचा बाप टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत पडला होता. मुलाने मात्र लँकेस्टर घराण्यातल्या तीन राजांची चाकरी इमानाने केली, जेरुसलेमची यात्रा केली, आणि 1428 मध्ये बाल-राजा सहाव्या हेन्रीला घडवण्याची जबाबदारी त्याच्याकडे सोपवण्यात आली. 1431 मध्ये फ्रान्समधल्या रूआँच्या ज्या किल्ल्यात जोन ऑफ आर्कला कैदेत ठेवले होते, तो किल्लाही याच्याच ताब्यात होता. त्याच रूआँ शहरात 30 एप्रिल 1439 रोजी तो वारला आणि त्याचा देह वॉरिकला आणला गेला.

माझी सूचना अशी की आल्याआल्या चॅपलकडे धावू नये. आधी चर्चच्या मुख्य वेदीपुढे रिचर्डचे आजोबा थॉमस आणि आजी कॅथरिन मॉर्टिमर यांच्या दगडी मूर्ती पाहाव्यात. दोघेही 1369 मध्ये गेले आणि साडेसहाशे वर्षे हातात हात घेऊन शेजारी निजले आहेत. त्यानंतर काही पायऱ्या उतरून चॅपलमध्ये गेले की नातवाचे एकटेपण चटकन जाणवते. त्याची दोन लग्ने झाली, पण शेजारी एकही पत्नी नाही. पहिली, एलिझाबेथ बर्कली, किंग्जवुडच्या मठात पुरली गेली. दुसरी, इझाबेल डिस्पेन्सर, ट्यूक्सबरीला पुरली गेली. तिचा आधीचा नवरा या रिचर्डचा भाऊबंद होता आणि त्याचेही नाव रिचर्ड बीचमच होते, त्यामुळे वंशावळ वाचताना माझा पहिला अर्धा तास नुसता गोंधळात गेला.

आता मूर्तीविषयी. ती पितळेसारख्या मिश्रधातूची असून तिच्यावर सोन्याचा मुलामा आहे. विल्यम ऑस्टेन या लंडनच्या ओतकाराने ती ओतली. पायाशी अस्वल आणि ग्रिफिन हा पंख असलेला काल्पनिक प्राणी आहे. चिलखताचा प्रत्येक पट्टा आणि प्रत्येक बक्कल खऱ्यासारखे आहे, आणि ही कसोशी पाठीच्या बाजूलाही तितकीच पाळलेली आहे, जी बाजू मूर्ती उलटी केल्याखेरीज कोणाला दिसणारच नाही. हात जोडलेले नसून थोडे विलग आहेत, जणू समोर काही दिसल्यावर ते जोडायचे राहून गेले. नजरेच्या रेषेत वर पाहिले की छताच्या मध्यावर कोरलेली स्वर्गाची राणी मेरी दिसते. मूर्तीवर धातूच्या कमानींचा एक पिंजरा आहे, पूर्वी त्यावर वस्त्र घालत असत. त्याच्या आडून चेहरा नीट पाहायचा तर दोनतीनदा जागा बदलावी लागते. घाईत असणाऱ्याच्या हाती फक्त चकाकी लागते.

मला मात्र सर्वाधिक वेळ लागला तो थडग्याच्या चारही बाजूंच्या कोनाड्यांपाशी. तेथे हातभर उंचीसुद्धा नसलेल्या चौदा शोकमूर्ती उभ्या आहेत, सात पुरुष आणि सात स्त्रिया, आणि खालच्या ढालींवरील चिन्हांवरून त्यांची ओळख पटते. हा अर्लचा गोतावळा आहे. पहिल्या पत्नीच्या तिन्ही मुली, मार्गारेट, एलिनॉर आणि एलिझाबेथ, आपापल्या नवऱ्यांसह आहेत. दुसरीची मुले हेन्री आणि अ‍ॅन हीदेखील जोडीदारांसह आहेत. या दोघांच्या लग्नांना आपल्याकडे साटेलोटे म्हणतील: हेन्रीला नेव्हिल घराण्यातली सिसिली केली आणि अ‍ॅन तिच्या भावाला, रिचर्ड नेव्हिलला, दिली. म्हणून व्याही-विहीणही येथे आहेत, इतकेच नव्हे तर व्याह्याची बहीण आणि तिचा नवरा बकिंगहॅमचा ड्यूक हेसुद्धा. एखाद्या लग्नाच्या समूहछायाचित्रात मानाचे पाहुणे पुढे बसवावेत तसा हा सारा बेत आहे.

पण ही माणसे पुढे कशी गेली ते माहीत करून घेऊन मग या कोनाड्यांभोवती फिरावे. हेन्री 1446 मध्ये ऐन तारुण्यात वारला. मार्गारेटचा नवरा जॉन टॅलबट 1453 मध्ये कास्तियाँच्या लढाईत पडला, आणि पुढे इंग्लंडच्या गादीवरून पेटलेल्या यादवीत एलिनॉरचा नवरा एडमंड बोफर्ट 1455 मध्ये सेंट ऑल्बन्सला आणि बकिंगहॅम 1460 मध्ये नॉर्थॅम्प्टनला. व्याही सॉल्झबरीचा अर्ल त्याच वर्षाअखेर वेकफील्डच्या पराभवानंतर मारला गेला. एलिझाबेथच्या नवऱ्याला वेड लागले आणि तो 1469 मध्ये गेला. राजे बसवणारा आणि उठवणारा म्हणून ज्याची ख्याती झाली तो जावई रिचर्ड नेव्हिल 1471 मध्ये बार्नेटला पडला. चॅपलचे काम 1440 च्या दशकाच्या आरंभी सुरू झाले, त्यावर 2,400 पौंडांहून अधिक खर्च झाला आणि 1475 मध्ये त्याचा पवित्रीकरण-विधी झाला. तोवर या सातांपैकी एकही पुरुष हयात नव्हता.

बायकांचे दुखणे वेगळे होते. हेन्रीची लहानगी मुलगी 1449 मध्ये गेल्यावर सख्खी बहीण म्हणून बहुतेक वारसा अ‍ॅनकडे आला आणि तिघी सावत्र बहिणी हक्कासाठी भांडत राहिल्या. आईकडच्या बर्कली जमिनींचा तंटा तर इतका चिघळला की 1470 मध्ये निब्ली ग्रीन येथे मार्गारेटचा नातू खासगी फौजांच्या लढाईत मारला गेला. थडग्यावर मात्र चौघी बहिणी एकाच धातूच्या आणि एकाच उंचीच्या आहेत.

बाकीचे थोडक्यात सांगतो. पूर्वेच्या खिडकीची रंगीत काच जॉन प्रूड या कारागिराची आहे. सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात तिची नासधूस झाली, तरी वाद्ये आणि स्वरलिपी घेतलेले देवदूत बरेच उरले आहेत. 1694 च्या आगीत लोकांनी वाचवण्यासाठी चर्चमध्ये आणून ठेवलेल्या धुमसत्या सामानानेच चर्च पेटले आणि मनोरा व मधला भाग गेला, पण चॅपल वाचले. पहिल्या एलिझाबेथचा लाडका रॉबर्ट डडली याचे रंगीबेरंगी थडगेही येथेच आहे. मला ते भडक वाटले. मनोऱ्यावर मी गेलो नाही, गुडघ्यांनी परवानगी दिली नाही. किल्ल्यात मुलांना अधिक मौज वाटेल हे खरे, म्हणून सहकुटुंब गेल्यास त्यांना तिकडे पाठवून मोठ्यांपैकी एकाने इकडे यावे आणि निदान दीड तास हाताशी ठेवावा.

निघण्यापूर्वी मी पुन्हा अ‍ॅनच्या मूर्तीपाशी थांबलो. नवरा पडल्यावर तिची मिळकत दोन जावयांना, म्हणजे राजा चौथ्या एडवर्डच्या दोन भावांना, वाटून घेता यावी म्हणून 1474 मध्ये पार्लमेंटने ती जिवंतपणीच मेली आहे असे समजण्याचा कायदा केला. ती त्यानंतर अठरा वर्षे जगली, आणि चॅपलचा पवित्रीकरण-विधी झाला त्या वर्षी कायद्याच्या लेखी ती मृतच होती.