गच्चीचं पाणी न्यायचं कसं: पाईप, उघडं गटार की शोषखड्डा?

तिन्हींपैकी काहीही निवडा, जोत्यापासून बाहेर ढाळ नसेल तर पैसे पाण्यात. पहिल्या 3 मीटरमध्ये माती 15 सेंमी उतरायला हवी. पेव्हर किंवा फरशी असेल तर 6 सेंमी पुरतात. पेव्हर बसवणारा दोरी आडवी ताणून सगळं छान 'लेव्हल' करतो आणि तुमचा ढाळ तिथेच मारला जातो. त्याचे पैसे चुकते करण्याआधी जोत्याशी बादलीभर पाणी ओतून बघा.

100 चौमी गच्चीवर तासात 50 मिमी पाऊस झाला, की मिनिटाला साधारण 83 लिटर पाणी खाली येतं. 110 मिमीचा पीव्हीसी पाईप 1:100 उतारावर ते सहज नेतो. तो तुंबतो पाल्याने आणि बांधकामातल्या वाळूने. म्हणून प्रत्येक वळणावर चेंबर हवा, त्याचा तळ पाईपच्या 15 सेंमी खाली, म्हणजे गाळ तिथे बसेल. दारात आंबा-फणस असेल तर उघडं गटार बरं. दिसायला ओबडधोबड, पण खराट्याने साफ होतं.

शोषखड्ड्याबद्दल मात्र गैरसमज फार. 1.5 × 1.5 × 2 मीटरच्या खड्ड्यात डबर भरल्यावर पोकळी उरते जेमतेम 40 टक्के, म्हणजे 1800 लिटर. जमिनीने पाणी ओढलं नाही, तर वरच्या पावसात तो साधारण 22 मिनिटांत काठोकाठ. जांभ्यात, मुरमात पाणी जिरतं. काळ्या मातीत मे महिन्यात चाचणी घेतलीत तर पाणी भेगांतून गडप होतं आणि फसगत होते. फूटभर खोल खड्डा आदल्या दिवसापासून भिजत ठेवा, मग पुन्हा भरून मोजा. तासाभरात दोन सेंमीही उतरलं नाही, तर शोषखड्ड्याचा नाद सोडा. फुगलेली काळी माती जोत्याला तडे देते. जमीन चांगली असली तरी जास्तीचं पाणी बाहेर काढणारा पाईप हवाच.

यूडीसीपीआरनुसार (महाराष्ट्राची एकत्रित बांधकाम नियमावली) गावठाणाबाहेर 500 चौमी किंवा मोठ्या प्लॉटवरच्या नव्या बांधकामाला पर्जन्यजल संधारण सक्तीचं आहे, ते ड्रॉइंग पास करतानाच बघा. शेजारी खालच्या अंगाला असेल, तर आपसूक पसरत येणारं पाणी 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने त्याला वाहू द्यावं लागतं. पन्हळीची धार त्याच्या कुंपणावर सोडायची मुभा त्यातून मिळत नाही.

पाईप ठरवण्याआधी लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) रस्त्याच्या गटाराचा तळ मोजा. 20 मीटर पाईपला 20 सेंमी उतार लागतो. रस्त्यावर डांबराचे थर चढत जाऊन गटारही वर आलं असेल, तर तेवढा उतार मिळत नाही आणि भर पावसात पाणी उलटं तुमच्याच चेंबरमध्ये येतं.