सापळ्यात पतंग भरले, तरी मोसंबी गळतच राहिली

आंबिया बहाराची मोसंबी रंगावर यायला लागली की मोटारसायकलला बॅगा अडकवलेली माणसं बागांमधून फिरू लागतात. "भाऊ, झाडाखाली सडा पडतोय ना? रस पिणाऱ्या पतंगाचं काम आहे. सापळे लावा, फवारणीची भानगडच नको." निदान बऱ्याचदा बरोबर असतं, म्हणून पुढचंही पटतं. अशाच एका दोन एकरांच्या बागेत २४ नरसाळे सापळे लागले. ल्यूरसकट (पतंगाला वासाने ओढणारा रबराचा तुकडा) एक ३५० रुपयांना, वर १,६०० रुपयांची 'जैविक' बाटली. म्हणजे बरोबर १०,००० रुपये, तेही रोख. पावती म्हणजे वहीचा फाडलेला कागद.

आठवड्याभरात सापळ्यांच्या पिशव्या भरल्या आणि मालक खूश झाला. गळ मात्र होती तेवढीच राहिली. विकणारा म्हणाला, "पतंग जास्त आहेत, अजून बारा लावा." तेही लावले.

कुणी पिशवी सोडून आतले पतंग हातावर घेतले असते, तर ते बारा वाचले असते. आत होते ते मातकट, हिरवट झाकेचे, पंख पसरून साडेतीन-चार सेंटिमीटर भरतील असे पतंग, पुढच्या पंखावर एक गडद ठिपका. हे घाटे अळीचे पतंग. शेजारच्या कपाशी-तुरीतून आलेले तिचे नर. मोसंबीत सोंड खुपसणारा पतंग याच्या दुपटीहून मोठा, पंख पसरून आठ-दहा सेंटिमीटर. पुढचे पंख वाळल्या पानासारखे, मागचे नारिंगी, त्यावर काळा पट्टा किंवा डाग. एकदा पाहिला की चुकत नाही. ३६ सापळ्यांत असा एकही नव्हता.

ल्यूरमध्ये असतो तो कामगंध, म्हणजे नराला बोलावणारा मादीचा वास, आणि तो ज्या-त्या जातीचा वेगळा असतो. घाटे अळीचा वेगळा, तंबाखूवरच्या पाने खाणाऱ्या अळीचा वेगळा, गुलाबी बोंडअळीचा तिसराच. 'सगळ्या पतंगांना एकच ल्यूर' असं कुणी म्हणालं की तिथेच थांबावं. शिवाय कामगंधाला येतो तो फक्त नर, आणि फळ फोडायला नर-मादी दोघंही येतात. मिथाइल युजेनॉलचा सापळा दाखवणारेही भेटतात. तो फळमाशीच्या नरांसाठी आहे. पतंगाने पाडलेल्या भोकावर फळमाशी मागाहून बसते, त्यामुळे त्यातही काहीतरी सापडतंच. या धंद्याचं सगळं बळ इथे आहे: सापळा रिकामा कधीच राहत नाही.

ल्यूर खरा आणि योग्य जातीचा असला, तरी तो सीलबंद पाकिटात, थंड जागी ठेवलेला लागतो. पाकिटावर किडीचं नाव, बॅच आणि तारीख हवी. इथे रबराचे तुकडे साध्या पॉलिथिनमध्ये सुटे होते आणि दिवसभर उन्हात तापणाऱ्या बॅगेतून आले होते.

आता किडीचं मूळ. या पतंगाची अळी मोसंबीवर वाढतच नाही. ती वाढते गुळवेल, वासनवेल अशा रानवेलींवर: बांधावर, ओढ्याकाठी, कुंपणावर. अळी मखमली, गडद, अंगाच्या बाजूला डोळ्यासारखे ठिपके. म्हणून झाडावर अळीनाशक मारून काही साधत नाही, अळी तिथे असतच नाही. पतंग अंधार पडल्यावर बाहेरून येतो, रस पितो आणि उजाडायच्या आत निघून जातो. फवारा मारायला आपण सकाळी जातो.

निदान स्वतः करा. गळलेलं ताजं फळ घ्या. टाचणीने टोचल्यासारखं भोक आणि भोवती मऊ पडलेला गोल डाग दिसेल. दाबलं की भोकातून रस येतो. फळ कापा. आत पांढऱ्या अळ्या वळवळत असतील तर फळमाशीही आहे. नसतील, तर रात्री आठ-साडेआठला बॅटरी घेऊन बागेच्या कडेच्या ओळीतून फिरा. पतंगाचे डोळे उजेडात निखाऱ्यासारखे चमकतात. चार-पाच ओळी फिरलं की कळतं. भोकच नसेल तर गळीचं कारण दुसरं, सापळेवाल्याला दारातूनच परत पाठवा.

सौर प्रकाश सापळा हा महागातला प्रकार. हे पतंग दिव्याकडे फारसे झेपावत नाहीत. जपानमध्ये तर फळबागांत पिवळे दिवे लावतात ते त्यांना दूर ठेवायला: उजेडात त्यांचे डोळे दिवसासारखेच राहतात आणि ते हालचाल करत नाहीत. आपल्याकडे रात्रभर जळणाऱ्या सापळ्यात मित्रकीटकही मरतात, त्याचा हिशेब कोणी देत नाही.

खर्च करायचाच तर आमिषावर करा. २ लिटर पाण्यात २०० ग्रॅम गूळ, गळलेल्या फळांचा ४०० ते ५०० मिली रस आणि २० मिली मॅलॅथिऑन हे कीटकनाशक (५० टक्के प्रवाही). पसरट भांड्यात, २५-३० झाडांमागे एक-दोन, पतंग येतात त्या बाजूच्या कडेला. रस टाळू नका, आंबूस वासावरच पतंग येतो. बहुतेकांचं आमिष फसतं ते इथेच, किंवा पावसाने पातळ झालेलं तसंच ठेवल्याने. संध्याकाळी मांडा, सकाळी उचला. गुरं, पोरं, मधमाश्या सगळ्यांनाच ते विष आहे. जोडीला संध्याकाळी सात ते रात्री दहा वाऱ्याच्या बाजूने ओल्या पाल्याचा धूर, रोज गळलेली फळं गोळा करून खोल पुरणं, आणि जूनपासून बांधावरच्या वेली काढणं. औषधी म्हणून गुळवेल ठेवायची असेल तर घराशी ठेवा, बागेशी नको.

बाटलीबद्दल एवढंच. कीड मारते असं सांगून विकलेल्या मालावर कीटकनाशके कायदा, १९६८ खालचा नोंदणी क्रमांक, परवाना क्रमांक, बॅच, बनवल्याची आणि मुदत संपण्याची अशा दोन्ही तारखा आणि विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण लागतो. 'नॅनो', 'हर्बल', 'शंभर टक्के रिझल्ट' एवढंच छापलेलं असेल तर झाकण उघडूच नका. उघडलेल्या बाटलीचा नमुना पुढे तक्रारीत टिकत नाही.

पैसे गेलेच असतील, तर न वापरलेला ल्यूर, पाकीट, सीलबंद बाटली आणि पैसे ऑनलाइन दिले असतील तर त्याची नोंद जपून ठेवा. सापळ्यातल्या पतंगांचे फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, कीटकनाशक निरीक्षकाकडून नमुना आणि पंचनामा मागा. ग्राहक आयोगाकडे जायला २ वर्षांची मुदत आहे. मात्र पक्की पावती नसेल तर पहिला वाद 'माल आम्ही विकलाच नाही' इथूनच सुरू होतो, आणि मोटारसायकलवाल्याचा नंबर तोवर बंद झालेला असतो.